बांधावरची घाणेरी

भाद्रपद सरत आला की आमच्याकडे पावसाचा जोर मोडतो. दिवसातून एखादी सर येते, चिकूच्या पानांवरून घरंगळते आणि तासाभरात लख्ख ऊन पडतं. माती मात्र अजून मऊ असते. नेमक्या याच दिवसांत घाणेरी फुलते. पिवळे-गुलाबी, केशरी-लाल असे बारीक फुलांचे गुच्छ, त्यांवर फुलपाखरं. परवा तलासरीहून एसटीने येताना हायवेच्या कडेला एक मुलगी त्या फुलांपुढे उभी राहून फोटो काढून घेत होती. फोटो छानच आला असणार. माझे मात्र हात शिवशिवले. खिडकीतून हात बाहेर काढून ते झुडूप मुळासकट उपटावं असं वाटलं. शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, ओळखीचं कोणी दिसलं."

ओळख चांगलीच आहे. घाणेरीचा वास माझ्या हातांना चार-चार महिने येत होता. रॉकेलच्या चिंधीत पुदिना चुरगळावा तसा उग्र, नाकात बसणारा वास. साबण लावा, लिंबू चोळा, जात नाही. भाकरी थापताना तो पिठातून येतो. मी निवृत्त झाले त्या वर्षीचा सगळा पावसाळा माझ्यासाठी त्या वासाचा आहे.

आशागडच्या अलीकडे आमची चिकूची वाडी आहे. वडिलांनी लावलेली, आता माझ्या आणि धाकट्या भावाच्या, अविनाशच्या नावावर. अविनाश बोरिवलीला असतो. मी तलासरीच्या शाळेत तेहतीस वर्षं मराठी शिकवलं आणि तिथेच खोली करून राहिले. लग्न केलं नाही, त्याची कारणं सांगायचा हा लेख नाही. वडील होते तोवर मी सुट्टीत वाडीवर यायचे. ते गेल्यावर फळं ठेक्याने द्यायला लागलो. ठेकेदाराची माणसं फळं उतरवायची आणि निघून जायची. बांधाकडे बघायचं त्यांना काही कारण नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मीही बघितलं नाही. दहा-बारा वर्षांत बांध नाहीसा झाला.

नाहीसा झाला म्हणजे दिसेनासा झाला. रस्त्यापासून मागच्या ओहोळापर्यंत, दोनशे पावलांच्या त्या बांधावर घाणेरीची माणसापेक्षा उंच भिंत उभी राहिली. तिच्या आत बोरीसारखे काटे, वर चढलेले वेल, आणि दोन्ही कडांना रानमोडी. रानमोडी हे नाव ज्याने ठेवलं त्याला मी मनातल्या मनात नमस्कार करते. रान मोडणारी. तिच्याखाली गवताचं पातं उगवत नाही. दोघी कुठून तरी लांबच्या मुलखातून आलेल्या, इथल्या कुठल्याच गुराने त्यांना तोंड लावू नये अशा.

बांधापलीकडची वाडी हंसाबेनची. त्यांचे यजमान जयंतीकाका आणि माझे वडील एके काळी बिडीचं एकच बंडल वाटून घेणारे. मी सातवीत असताना दोघांत बांधावरून बिनसलं. काकांचं म्हणणं, ओहोळाकडे तुम्ही बांध आमच्या अंगाला वाकवलाय, आमची दीड हात जमीन तुमच्यात आलीय. वडिलांचं म्हणणं, बांध होता तिथेच आहे. ओहोळाकडचा हद्दीचा दगड तेव्हाच मातीखाली हरवला होता. त्या वर्षीपासून दिवाळीच्या फराळाचं ताट जाणं-येणं बंद झालं. आम्ही मुलांनी अर्थातच वडिलांची बाजू घेतली. "जयंतीकाका दीड हाताचे" असं आम्ही त्यांना पाठीमागे म्हणायचो. पुढे गावात सगळेच म्हणायला लागले.

निवृत्तीच्या वर्षी वैशाखात बांधाला आग लागली. कोणाची विडी होती की कोणी पाचोळा पेटवला होता, कळलं नाही. वाळलेली रानमोडी कागदासारखी पेटते. मी तलासरीला पेपर तपासत होते, फोन आला तशी रिक्षा करून निघाले. पोचले तेव्हा पाड्यावरच्या बायका ओल्या फांद्यांनी आग झोडपत होत्या. त्यांच्यात जेठी होती. वाडीमागच्या पाड्यावर राहणारी, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, उंच, कमी बोलणारी. ओहोळाकडच्या टोकाची आमची पाच झाडं एका अंगाने करपली होती. वडिलांनी मला दाखवून दाखवून लावलेली पाच झाडं. "ही तुझ्या वाट्याची," असं ते म्हणायचे. त्या काळ्या पानांखाली उभं राहून मी ठरवलं, निवृत्तीनंतर इथे राहायला यायचं.

आले. आषाढात एक दलाल आला. पांढरी गाडी रस्त्यावर उभी करून, चिखल चुकवत. बोलायला अगदी गोड.

"मॅडम, हायवे जवळ, रेल्वे जवळ. आता नाही विकणार तर कधी? शेजारच्या आज्जींशी बोलणं झालंय. त्यांची मुलं तयार आहेत. दोन्ही प्लॉट एकत्र गेले तर पार्टी चांगली मिळते."

"ही वाडी आहे, प्लॉट नाही," मी म्हटलं.

तो हसला. बांधाकडे हात करून म्हणाला, "वाडी इकडे असेल मॅडम. तिकडे तर पडीकच आहे सगळं. तुमची हद्द कुठे संपते ते तरी तुम्हाला माहीत आहे का?"

तो गेल्यावर मी बराच वेळ पायरीवर बसून होते. तेहतीस वर्षं मुलांना शब्दांचे अर्थ सांगितले, पण 'पडीक' हा शब्द मला कधी असा लागला नव्हता. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्याच्या प्रश्नाचं उत्तर मला खरोखर माहीत नव्हतं. त्या दिवशी माझ्या लक्षात आलं, ही माणसं सातबारा नंतर बघतात, आधी झाडी बघतात. जिथे घाणेरी माजली तिथे बघणारं कोणी उरलं नाही, हे त्यांना गाडीतूनच कळतं.

दुसऱ्या दिवशी डोक्याला टॉवेल गुंडाळला, वडिलांचा कोयता घासून घेतला आणि बांधावर गेले. आठ दिवस तोडत होते. दंडावर ओरखडे, मानेवर खाज, तळहाताला फोड. आमच्या बाजूचा तीस पावलांचा तुकडा मोकळा झाला तेव्हा मी स्वतःसाठी शिरा केला. पंधरा दिवसांनी बघते तर प्रत्येक खुंटाला आठ-आठ, दहा-दहा नवे कोंब. पूर्वी एक झुडूप होतं तिथे आता झुबका होता, हिरवागार, तरारलेला. मला रडूच यायचं बाकी होतं.

जेठी सरपण घेऊन वाटेने चालली होती. ती थांबली. भारा खाली न ठेवताच म्हणाली, "बाई, तुम्ही तिचे केस कापले. केस कापून कोणी मरतं काय?"

"मग काय करू?"

"मी सांगीन तसं करायचं असेल तर येते उद्यापासून. मधेच तुमचं शाळेतलं नाय सांगायचं."

मी कबूल केलं. तेहतीस वर्षांत मला कोणी अशी अट घातली नव्हती.

जेठीची रीत अशी. झुडपाच्या फांद्या आधी छाटून बुंधा मोकळा करायचा. मग कुदळीने भोवतीची माती उकरायची आणि जमिनीखाली वीतभर खोल, जिथे खोड संपून मूळ सुरू होतं, त्याच्याही खालून तोडायचं. तोडलेला गड्डा उलटा करून, मुळं आभाळाकडे करून ठेवायचा. सरळ ठेवला तर पडल्या जागी पुन्हा रुजतो. "उन्हाला तिची मुळं बघू दे," जेठी म्हणायची. ओळीने पडलेले ते उलटे गड्डे बघितले की मला फार बरं वाटायचं. त्यात सूड होता, मी नाकारत नाही.

रानमोडीचं वेगळं. ती हाताने उपटायची, आणि दिवाळीच्या आत. एकदा तिला थंडीत फूल आलं की होळीच्या सुमारास तिचं बी कापसासारखं वाऱ्यावर निघतं, मग कुठल्याही हद्दीचा उपयोग नाही.

जेठी एवढ्या त्वेषाने कुदळ का मारते हे मला आधी कळलं नव्हतं. एक दिवस पाणी पिताना तिने आपणहून सांगितलं. दोन वर्षांपूर्वी तिची कालवड याच बांधाला चरायला यायची. उन्हाळ्यात गवत संपलं, तेव्हा तिने घाणेरीचा पाला खाल्ला. डोळे पिवळे झाले, नाकाची, कानाची कातडी उन्हाने सोलून निघाली. सावलीत बांधली, पण पाचव्या दिवशी गेली.

"पहिल्या वेताला आलेली होती," जेठी म्हणाली. "मी तेव्हाच कुदळ घेऊन येणार होते. पण जमीन तुमची."

तुमची जमीन, तुमची घाणेरी आणि माझी कालवड, एवढं सगळं त्या तीन शब्दांत होतं. मी उठून कामाला लागले.

पण एका बाजूने काम करून भागेना. आम्ही इकडून खणायचो आणि पलीकडची घाणेरी फांद्या पसरून आमच्या मोकळ्या जमिनीवर ओणवायची. बुलबुल तिची काळी फळं खाऊन आमच्या चिकूवर बसायचे आणि खाली बियांची पेरणी करायचे. शेवटी श्रावणात एका दुपारी मी हंसाबेनच्या घरी गेले. कित्येक वर्षांनी.

त्या ओसरीवरच्या झोपाळ्यावर तांदूळ निवडत होत्या. सत्तरी केव्हाच उलटलेली. मला बघून त्यांनी झोपाळा थांबवला नाही.

"बोल, मास्तरीणबेन."

मी सांगितलं. दोघींनी मिळून बांध साफ करू, माणसं मी आणते, तुम्ही फक्त हो म्हणा.

"मला काय फरक पडतो?" त्या म्हणाल्या. "दोन्ही छोकरे वापीला. कोण येतं इथं?"

"विकायचं ठरलंय?"

"छोकऱ्यांचं ठरलंय. माझं कोणी विचारलं नाय." तांदळातला खडा त्यांनी अंगणात भिरकावला. "पण ते जंगल नाय कापायचं. तुझे काका गेल्यापासून मी एकटी आहे. ती झाडी आहे म्हणून रस्त्यावरून घर दिसत नाय. गाड्या थांबतात, माणसं बघतात. मला नाय आवडत कोणी बघितलेलं."

"त्या झाडीला याच उन्हाळ्यात आग लागली होती, हंसाबेन."

"लागली, विझली. माझ्या बाजूला कोणी कुदळ नाय लावायची. आधीच तुझ्या बापूजींनी आमच्यातलं घेतलंय ते पुष्कळ आहे."

म्हणजे त्या विसरल्या नव्हत्या. मीही ताठ झाले. "माझ्या वडिलांनी कोणाचं काही घेतलेलं नाही," असं म्हणून पायरी उतरले. घरी येईपर्यंत रागाने माझे कान तापले होते. मनात म्हटलं, ठीक आहे, नका करू. मी माझ्या हद्दीतली शेवटची काडी उपटून दाखवीन.

त्या रागावर पुढचा दीड महिना निघाला. सकाळी सातला सुरुवात, दुपारी विसावा, पुन्हा चारपासून दिवस मावळेपर्यंत. सर आली तर चिकूखाली उभं राहायचं, गेली की पुन्हा कुदळ. गावातली माणसं रस्त्यावर गाडी थांबवून सल्ले द्यायची. कोणी म्हणे मशीन लावा, दोन तासांत मोकळं. कोणी म्हणे औषध मारा. एक जण म्हणाला, "बाई, आता आराम करायचं वय, हे कशाला?" मी म्हटलं, "हाच आराम आहे." अविनाश फोनवर म्हणायचा, "ताई, अगं झुडपं आहेत ती. त्यांच्याशी काय भांडतेस?" पण मला भांडायचंच होतं. आयुष्यभर मी समजुतीने घेतलं होतं. हेडमास्तरांशी, मुलांच्या पालकांशी, बदलीच्या अर्जांशी. त्या पावसाळ्यात पहिल्यांदा मी कशाशी तरी सरळ भांडत होते आणि रोज थोडी जिंकत होते.

भाद्रपदाच्या शेवटी आम्ही ओहोळाच्या टोकाला पोचलो, त्या पाच झाडांपाशी. झाडांना करपल्या बाजूने नवी पालवी फुटली होती. त्यांच्या बुंध्यांच्या अलीकडे, आमच्या बाजूला, घाणेरीचं एक जुनाट खोड होतं, माझ्या मांडीएवढं. त्याला खणायला दोन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी जेठीची कुदळ खणकन वाजली.

मुळांच्या मिठीत एक दगड होता. घडवलेला, चौकोनी, माथ्यावर फुलीची खूण. रस्त्याच्या टोकाला असाच एक दगड आहे, तो सगळ्यांना माहीत होता. हा दुसरा, हरवलेला. याच्याचसाठी दोन माणसं मरेपर्यंत एकमेकांशी बोलली नव्हती.

जेठीने माती झाडली. दगड पक्का गाडलेला होता, सरकलेला किंवा लवंडलेला नव्हता. तिने दगडाकडे बघितलं, झाडांकडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं.

"दोरी आणू?" ती म्हणाली.

चिकूच्या पेट्या बांधायची सुतळी आणली. जेठी रस्त्याच्या दगडापाशी गेली, मी या दगडापाशी बसले. बांध आता मोकळा होता, त्यामुळे दोरी आरपार ताणता आली. ताणली. रस्त्याकडून निम्म्यापर्यंत बांध आणि दोरी बरोबर होते. पुढे बांध हळूहळू फुगत हंसाबेनच्या अंगाला गेला होता. टोकाला चांगला तीन हात. पाचही झाडं दोरीच्या पलीकडे होती.

जयंतीकाका खरं बोलत होते. खरं म्हणजे ते कमीच बोलत होते.

मी तिथे मातीत बसून राहिले. वडील मला बोट धरून इथे आणायचे, खड्ड्यात शेणखत टाकायला लावायचे. त्यांना माहीत होतं का? माहीत नसेल, असं मला अजूनही वाटतं. पावसाने बांध फुटायचा, दर वर्षी ते नव्याने माती ओढायचे, आणि माती ओढताना माणसाचा हात आपोआप पलीकडे जातो. पण त्यांनी काकांबरोबर एकदा तरी दगड शोधायला, दोरी ताणून बघायला हवी होती. ती त्यांनी ताणली नाही, एवढं खरं.

जेठी दोरी गुंडाळत परत आली. हलक्या आवाजात म्हणाली, "बाई, माती लोटू काय वरती? परत दिसायचा नाय."

तिने हे माझ्यासाठी विचारलं. मी लगेच नाही म्हटलं नाही, हेही लिहायला हवं. मी अविनाशला फोन केला.

"ताई, दगड गाडून टाक," तो म्हणाला. "पंचेचाळीस वर्षं झाली. त्यांना माहीत नाही, गावाला माहीत नाही. आणि वाडी एकट्या तुझी नाही."

"म्हणूनच तुला विचारतेय."

"मग मी नाही म्हणतोय. बाबांना मेल्यावर खोटं ठरवणार आहेस तू?"

"जयंतीकाकांना जिवंतपणी ठरवलंच ना आपण," मी म्हटलं.

त्याने फोन ठेवला. त्या दिवशी मी ज्या रागाने इतके दिवस खणत होते तो राग जागेवर नव्हता, त्याच्या जागी दुसराच एक राग होता. घाणेरीने दगड लपवला हे समजू शकते, ती झाडी आहे. मी हातात कुदळ घेऊन तेच काम पुन्हा करायचं, हे मला मान्य नव्हतं. "राहू दे तसाच," मी जेठीला सांगितलं आणि मातीच्या हातांनीच हंसाबेनकडे गेले.

त्या झोपाळ्यावरच होत्या.

"हंसाबेन, ओहोळाकडचा दगड सापडला."

त्यांचा पाय जमिनीला टेकला. झोपाळा थांबला. "क्यां? कुठं?"

"आमच्या पाच झाडांच्या अलीकडे. झाडं तुमच्यात आहेत. काकांचं बरोबर होतं."

त्या झोपाळ्यावरून उठल्या. मग आत गेल्या. मला वाटलं, दार लावून घेणार. पण त्या छत्री घेऊन बाहेर आल्या आणि माझ्यापुढे चालायला लागल्या. त्यांच्या बाजूने झाडीतून जाता येत नव्हतं, म्हणून रस्त्याने वळसा घालून आमच्या वाडीतून जावं लागलं. आमच्या वाडीत त्यांनी पंचेचाळीस वर्षांनी पाय ठेवला होता. जेठीने पुन्हा दोरी ताणली. हंसाबेन त्या दोरीवर हात ठेवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेल्या. दगडापाशी वाकल्या, माथ्यावरची फुली बोटाने पुसली.

"दीड हाताचे," त्या म्हणाल्या. "असंच म्हणायचे ने सगळे त्यांना? तू पण म्हणायचीस. मला ऐकू यायचं."

"हो," मी म्हटलं.

"आता कोणाला सांगू? ते तर गेले."

मी माफी मागितली. त्यांनी ती घेतली नाही. छत्री टेकत, माझ्याकडे न बघता निघून गेल्या. त्या संध्याकाळी मला वाटलं, सगळं करून शेवटी हाती काय आलं? पाच झाडं गेली, भाऊ रागावला आणि शेजारीणही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा गाळत होते तेव्हा बांधापलीकडून खट् खट् असा आवाज यायला लागला. जाऊन बघते तर हंसाबेन पाटावर बसून, साडीचा पदर खोचून, घाणेरीच्या फांद्या तोडत होत्या. हातात भाजी चिरायचा मोठा सुरा. सुरा घाणेरीला काय करणार! पण त्या तोडत होत्या, दात-ओठ खाऊन.

"हंसाबेन, अहो, तुम्ही..."

"तुझ्यासाठी नाय कापत," त्या वर न बघता म्हणाल्या. "माझी पाच झाडं आहेत तिथं. मला ती माझ्या ओसरीवरून दिसली पाहिजेत."

जेठी माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. ती पुढे झाली, त्यांच्या हातातून सुरा काढून घेतला आणि म्हणाली, "काकी, केस नाय कापायचे. सरका."

त्यांच्या बाजूचा बांध दिवाळीच्या चार दिवस आधी मोकळा झाला. त्या सुमारास तो दलाल पुन्हा आला होता. हंसाबेननी त्याला ओसरीवर चढूच दिलं नाही. मी बांधावर होते, शब्द नीट ऐकू आले नाहीत. तो कागद पुढे करत होता आणि त्या सारख्या झाडांकडे बोट दाखवत होत्या. मुलांशी त्यांचं पुष्कळ भांडण झालं. वाडी अजून त्यांच्याच नावावर आहे. उद्याचं मला ठाऊक नाही. अविनाश सहा महिने बोलला नाही. आता बोलतो, वाडीवर येतो, पण ओहोळाकडे जात नाही. जाईल तेव्हा जाईल.

त्या पाच झाडांचे चिकू हंसाबेन मला देत नाहीत. एकदा आमच्या ठेकेदाराच्या माणसाने चुकून त्यातले उतरवले, तर त्यांनी पाटी परत घेऊन मोजून ओतून घेतली. मला राग आला नाही. त्यांच्या घरात जयंतीकाकांचा फोटो आहे, त्याच्यापुढे मोसमातला पहिला चिकू असतो. परवा मी ओसरीवर बसले होते, तेव्हा त्यांनी माझ्यापुढे शेव आणि चहा ठेवला. चिकू नाही.

घाणेरी संपलेली नाही. असं कधी संपत नाही, हे जेठीने मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. मातीत बी असतं, पक्षी आणतात, दर भाद्रपदात बोटभर रोपं उगवतात, दोन दोन पानांची, बघायला अगदी निरागस. आम्ही तिघी बांधावर ओळीने बसतो आणि उपटतो. हंसाबेन पाटावर, मी गोणपाटावर, जेठी उकिडवी. मोकळ्या बांधावर आता गवत येतं, पाड्यावरची गुरं तिथे चरतात. जेठीने नवी कालवड घेतली आहे. ती तिला या बांधाला चारते, पण नजरेआड करत नाही.

रानमोडीने मात्र यंदा फसवलं. बांध स्वच्छ, तरी रोपं दुप्पट. जेठी दोन दिवस वारा बघत होती. मग तिने रस्त्यापलीकडे बोट दाखवलं. तिथे रस्ता आणि शेतं यांच्या मधे एक लांब पट्टा आहे, कोणाचाच नसलेला. तिथे रानमोडी छातीएवढी उभी होती, अजून फुलायची.

काल सकाळी आम्ही तिघी रस्ता ओलांडून गेलो. सर नुकतीच येऊन गेली होती, माती मऊ होती, रोपं सटासट निघत होती. हंसाबेनना खाली बसता येईना, तेव्हा त्या उभ्यानेच उपटलेली रोपं ढिगावर टाकत होत्या. तासाभराने एक मोटारसायकल थांबली. मागे फाईल बांधलेली, अंगात इस्त्रीचा शर्ट. कुठल्या कार्यालयातला होता, त्याने सांगितलं नाही.

"ओ बाई, ही जागा तुमची आहे का?"

"नाही," मी म्हटलं.

"मग कोणाची आहे?"

"ते तुम्हीच शोधा," मी म्हटलं. "सापडला मालक तर इकडे पाठवून द्या. कुदळी आहेत आमच्याकडे जास्तीच्या."

तो गोंधळला. "पण तुम्हाला काम कोणी सांगितलंय हे?"

जेठीने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. हंसाबेननी हातातली रानमोडी ढिगावर आपटली, पदराने कपाळ पुसलं आणि म्हणाल्या, "आम्हीच सांगितलंय. गाडी जरा बाजूला घे, भाई. ढीग तिकडे टाकायचाय."

त्याने गाडी बाजूला घेतली.